हात पाठवू नका

गौराक्कांसमोर कुणी ‘च्च’ केलं, की त्या त्याला पाणी विचारायच्या.

आमच्या वर्गाच्या दारात पाहुणा यायचा. आतल्या पोरांकडे बघून मान हलवायचा आणि जिभेनं टाळूवर ‘च्च, च्च’ असा आवाज काढायचा. अक्का हातातलं काम ठेवून उठायच्या, माठातून तांब्या भरून आणायच्या आणि अगदी काळजीनं विचारायच्या, “घशात काय अडकलंय का हो? पाणी घ्या की.” पाहुणा गडबडून जायचा. शहाणा असला तर तिथंच थांबायचा. बहुतेक शहाणे नसायचे. “नाही हो, ही मुलं बघून जीव कळवळला,” म्हणायचे. मग अक्का तांब्या त्यांच्या हातातच द्यायच्या. “मग प्याच. कळवळ्यानं लई घसा सुकतो.”

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. सोलापुरात पाण्याची टंचाई होती, कळवळ्याची कधीच नव्हती. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांपासून क्लबात पत्ते कुटणाऱ्यांपर्यंत ज्याला त्याला आमच्या पोरांसाठी काहीतरी ‘करायचं’ असायचं, आणि ते साधारण पंधरा मिनिटांत उरकायचं असायचं.

अक्का मूळच्या दुधनीच्या. घरात कानडी, बाजारात मराठी. उंच, हाडकुळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि पायात पुरुषी चपला. म्युनिसिपालिटीच्या कानडी शाळेत त्या मास्तरीण होत्या. तिथं एक पोरगं रोज व्हरांड्यात पोत्यावर बसवून ठेवलेलं असायचं, कारण त्याला काही येत नाही असं हेडमास्तरांचं मत होतं. अक्कांनी त्याला उचलून आपल्या वर्गात नेलं. हेडमास्तरांनी परत बाहेर बसवलं. असं काही महिने चाललं, आणि मग अक्कांनी नोकरी सोडली. जाताना हेडमास्तरांना म्हणाल्या, “त्याला काय येत न्हाई हे तुमाला कळलं, पण तुमाला काय येत न्हाई हे त्याला कवाच कळलंय.”

मग त्यांनी अशाच पोरांचा वर्ग धरला. घरात तसं मूल नसताना ही बाई हे का करते, याचं लोकांना कोडं पडायचं. एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं होतं, “तुमच्याकडे कुणी आहे का हो... तसलं?” अक्का शांतपणे म्हणाल्या, “हाय की. आमचे मालक.” त्यांचे मालक, म्हणजे नवरा, शहरात नावाजलेले वकील होते. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खो खो हसले आणि पुढं स्वतःच सांगत सुटले.

मी तिथं आले ती काही सेवेच्या ओढीनं नाही. बी.ए. झाले होते, लग्न जमत नव्हतं, नोकरी मिळत नव्हती. वडील वकीलसाहेबांच्या ओळखीचे. “तात्पुरतं जा,” म्हणाले. पहिल्या दिवशी अक्कांनी मला आपादमस्तक बघितलं. “कुसुम, तुला दया येती का पोरांची?” मी चांगलं उत्तर द्यावं म्हणून ‘हो’ म्हणाले. “मग ती घरी ठिवून उद्या ये,” त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि ते तात्पुरतं पुढं बरीच वर्षं चाललं.

आमचा वर्ग म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाची पत्र्याची खोली. कार्यालय ज्या ट्रस्टचं, तीच आमची संस्था. अध्यक्ष भाऊसाहेब, मोठे कापड व्यापारी. खोलीवर बोर्ड होता. त्यावर भाऊसाहेबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव लांबूनही वाचता येईल एवढं मोठं, आणि ‘मतिमंद मुलांचा वर्ग’ ही अक्षरं जवळ गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. लग्नसराईत आम्हाला सूचना असायची, की वऱ्हाड येईल तेव्हा पोरं दारात दिसू नयेत. शुभकार्यात बरं दिसत नाही. आणि पितृपक्ष लागला, की हीच पोरं एकदम पवित्र व्हायची. ‘निष्पाप जीव’, ‘देवाची लेकरं’. वैशाखात अपशकुनी असलेलं पोरगं भाद्रपदात पुण्याचं कसं होतं, हे मला बी.ए. होऊनही कळलं नाही. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, “सोपं हाय की. वैशाखात नवरानवरी बघत असत्यात. भाद्रपदात मेलेले बघत असत्यात, ते काय बोलणार?”

मंडळाची अक्कल सांगायची तर मेणबत्त्यांचं सांगायला हवं. ट्रस्टी मंडळींनी पुण्यात कुठंतरी अशा मुलांना मेणबत्त्या करताना पाहिलं आणि भारावून परत आले. साचे आले, मेण आलं, उद्घाटन झालं. ते फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये सोलापुरात पत्र्याच्या खोलीत काय होतं हे सोलापुरात जन्मलेल्या या पाच माणसांना ठाऊक नसावं. फळीवर ओळीनं उभ्या केलेल्या मेणबत्त्या दुपारी कमरेतून वाकल्या आणि संध्याकाळपर्यंत आडव्या झाल्या. भाऊसाहेब पाहणीला आले तेव्हा अक्का म्हणाल्या, “अध्यक्षांना बघून नमस्कार करत्यात बघा.” भाऊसाहेबांनी हा प्रयोग मुलांच्या मर्यादेमुळे फसला, असं अहवालात लिहिलं.

अक्कांचं शिकवणं याहून साधं होतं. पोरांनी आपल्या हातानं जेवायचं, आपल्या हातानं धुवायचं, कपडे घालायचे. बाराखडी नंतर. “‘ग’ न्हाई आला तर कुनी घरातनं काढत न्हाई. पन तोंडात घास घालावा लागला तर एक दिवस काढत्यात,” असं त्या म्हणायच्या. शिकवताना त्या पोराच्या समोर कधी बसल्या नाहीत. पाठीमागं बसायच्या. पाठीमागून त्याच्या हाताखाली आपला हात घालून भाकरी मोडायची, चटणीला लावायची, तोंडापर्यंत न्यायची. मग काही आठवड्यांनी मनगटाला धरायचं, मग नुसतं कोपराला टेकू, मग तोही नाही. मी एकदा समोर बसले तर ओरडल्या, “सुम्मनिर्री! मागं ये. पुढं बसलं की पोरगं तुझ्या तोंडाकडं बघतंय. मागं बसलं की ताटाकडं बघतंय.” गप्प बसा म्हणताना त्यांच्या तोंडी नेहमी कानडीच यायचं, आणि ते ऐकून मी, पोरं आणि एकदा तर भाऊसाहेबसुद्धा गप्प बसले होते.

नागमणी आमच्याकडे आली ती तिची आई वारली त्या उन्हाळ्यात. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकराची पोर, चांगली पंधरा-सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची, बोलायची चार-सहा शब्द. आईनं तिला जन्मभर स्वतःच्या हातानं भरवलं होतं. बाप आधीच वारलेला. आता घरात थोरला भाऊ व्यंकटेश, त्याची बायको लक्ष्मी आणि त्यांची लहान पोरगी. घरातच माग. भाऊ मागावर, लक्ष्मी दिवसभर कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या भरायला. ती पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, “बाई, मी कांड्या भरू का हिला भरवू? दोन्ही कसं हुईल, तुमीच सांगा.” ती वाईट बाई नव्हती. थकलेली होती. भावानं ठरवून टाकलं होतं की दसऱ्यानंतर नागमणीला आंध्रात कुठल्याशा आश्रमात नेऊन ठेवायचं. त्या आश्रमात एका नातेवाइकाची ओळख होती, आणि तिथं गेलेलं कुणी परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अक्कांनी व्यंकटेशला बसवून घेतलं. “दसऱ्यापर्यंत ही हातानं जेवली तर?”

“तर राहू दे की, बाई. मला काय हौस हाय व्हय?” तो म्हणाला.

म्हणजे नागमणीचं घर आता तिच्या उजव्या हातात होतं. अक्का रोज तिच्या मागं बसल्या. श्रावणात ती कोपराच्या टेकूवर आली. भाद्रपद लागला तेव्हा तिचा हात एकटा ताटातून तोंडाकडे जायला लागला. वाटेत निम्मं सांडायचं. अक्का सांडलेल्याकडे बघायच्याही नाहीत.

आणि पितृपक्ष आला. 

आमच्याकडच्या पितृपक्षाची एक रीत पडून गेली होती. ज्यांच्या घरी श्राद्ध, ते ब्राह्मणभोजन झालं की खीर-वडे घेऊन आमच्या वर्गात यायचे, आणि नुसते वाढायचे नाहीत, स्वतःच्या हातानं भरवायचे. भरवल्याशिवाय पितरांना पोचत नाही अशी कुणीतरी समजूत करून दिली होती. बायका घास करायच्या, ‘आऽऽ कर बाळा’ म्हणायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या. वर्षभर भाकरी मोडायला शिकलेली पोरं दुसऱ्या दिवशी ताटासमोर तोंडं उघडून बसायची. आदल्या वर्षी मी ते बघितलं होतं. दहा-बारा ताटं, त्यावर माश्या, आणि दहा-बारा उघडी तोंडं. ते सुरळीत व्हायला दिवाळी उजाडली. दात्यांना हे कुणी सांगायचं? त्यांचे पितर तृप्त झाले होते.

या वर्षी अक्का तिथीच्या आधीच भाऊसाहेबांच्या पेढीवर गेल्या. मला बरोबर नेलं. भाऊसाहेबांनी लोडाला टेकून सगळं ऐकून घेतलं.

“अन्न पाठवा,” अक्का म्हणाल्या. “खीर पाठवा, वडे पाठवा. हात पाठवू नका.”

“अहो अक्का, भरवण्यातच तर पुण्य आहे.”

“मग घरी नातू हाय की तुमचा. त्याला भरवा.”

“त्याला भरवून वडिलांना कसं पोचेल?”

“आमची पोरं म्हंजे कावळे हायत व्हय?”

गादीवरचा मुनीम खोकला. भाऊसाहेब हसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं, चेहऱ्यावर पावडर लावल्यासारखं वरवरचं. “बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाले. परत येताना मी खूश होते. अक्का नव्हत्या. “लई लवकर हो म्हणाला,” एवढंच बोलल्या.

तिथीच्या दिवशी सकाळी निरोप आला, की जेवण तयार आहे, अक्कांनी स्वतः येऊन घेऊन जावं, आमच्या घरच्यांना त्यांचा मान करायचाय. अक्का टांगा करून गेल्या. त्यांचा टांगा कोपऱ्यावर वळला न वळला तोच भाऊसाहेबांची मोटार कार्यालयाच्या मागच्या दारात उभी राहिली. भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी, दोन सुना, खिरीचं पातेलं आणि फोटोग्राफर. अक्कांना तिकडं पाटावर बसवून जेवू घालेपर्यंत इकडचं उरकायचं असा बेत होता. 

मी दारात आडवी उभी राहिले. अक्का नाहीत, त्यांनी भरवू नका सांगितलंय, असं म्हणाले. भाऊसाहेब मायेनं म्हणाले, “बाळ, जरा बाजूला हो. फोटोत येशील.” आणि आत गेले. नागमणी सगळ्यांत मोठी, गोल चेहऱ्याची, फोटोला बरी. ते तिच्यासमोर बसले. तिचा उजवा हात ताटात होता. सुनेनं तो धरून मांडीवर ठेवला. भाऊसाहेबांनी वडा खिरीत बुडवून तिच्या तोंडासमोर धरला आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. नागमणीनं तोंड उघडलं.

वर्तमानपत्रात फोटो छापून आणणं तेव्हा सोपं नव्हतं, त्याचा छपाईसाठी धातूचा ठसा करून घ्यावा लागे. भाऊसाहेबांनी तीही तसदी घेतली. दोन दिवसांनी गावातल्या दैनिकात फोटो आला. पांढरीशुभ्र टोपी, पुढं केलेला हात, आणि एवढं मोठं तोंड उघडलेली नागमणी. खाली मजकूर होता, त्यात दया, माया आणि वडिलांचं पूर्ण नाव होतं. तिचं नव्हतं.

त्याच दिवशी व्यंकटेश तो कागद हातात घेऊन आला. त्याची शाळा तेलुगूत झालेली, मजकूर त्याला वाचता येत नव्हता. वाचायची गरजही नव्हती. “बाई, तुमी बोल्ले, ही हातानं खाती म्हणून. हे काय हाय? हॉटेलात सगळे दाखवायलेत मला. तुमची बहीण अजून अशीच हाय का म्हणायलेत.” त्यानं घडी करून कागद खिशात घातला. “दसरा कशाला? मी ह्या रविवारी सोडून येतो.”

मी अक्कांना चिडलेलं रोजच बघायची. त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत, आणि मला भीती वाटली. “उद्या दुपारी तुझ्या घरी येतो आमी,” त्या त्याला म्हणाल्या. “जेवायच्या वेळेला. तू सोता बघ. मग रविवारचं बोल.”

दुसऱ्या दिवशी मागाच्या शेजारी, सुताच्या धुळीत, नागमणीला बसवलं. लक्ष्मीनं ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. व्यंकटेशनं माग थांबवला. खोलीत एकदम शांत झालं. अक्का नागमणीच्या मागं बसल्या आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले.

नागमणीनं ताटाकडे बघितलं, मग समोर भावाकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

ती तशीच बसून राहिली. व्यंकटेशनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. लक्ष्मीच्यानं राहवेना, तिचा हात ताटाकडे गेला. “बस खाली,” अक्का म्हणाल्या, आवाज न चढवता. लक्ष्मी बसली. ताटावर माशी बसली, उडाली, परत बसली. नागमणीच्या ओठाच्या कडेनं लाळ गळायला लागली. मला वाटलं आता पुसावं, पण अक्का हलल्या नाहीत म्हणून मीही हलले नाही. त्यांच्या कपाळावरच्या विभूतीतून घाम उतरत होता. आयुष्यात कुणापुढं न वाकलेली ती बाई त्या घटकेला एका भाकरीपुढं पार हतबल झाली होती, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात लक्ष्मीची लहानगी रांगत आली. तिला कुणी आणली नव्हती, कुणी अडवलीही नाही. आली आणि तिनं सरळ आत्याच्या ताटातल्या भाकरीला हात घातला.

नागमणीचं तोंड फटकन मिटलं. “न्नाऽदि,” ती म्हणाली, तेलुगूत, माझी आहे. तिनं भाकरी ओढून घेतली. मोडली. चटणीला लावली आणि तोंडात घातली. चावता चावता दुसरा तुकडा मोडला. पोरगी रडायला लागली तशी नागमणीनं तो तुकडा दह्यात बुडवला, बोटांनी मऊ केला आणि तिच्या तोंडात घातला. पोरगी गप्प झाली. मग एक घास आपल्याला, एक तिला, असं ताट संपेपर्यंत चाललं.

लक्ष्मी तोंडाला पदर लावून हसत होती, की रडत होती, मला कळलं नाही. व्यंकटेश उठून मागावर जाऊन बसला. धोट्याकडे बघत म्हणाला, “राहू दे.”

“राहू दे म्हंजे?” अक्का म्हणाल्या. त्यांचा सूर परत आला होता. “घर तुज्या बापाचं हाय ना? मग तिच्यापन बापाचंच हाय. तू कोन राहू देनार?”

तिथून उठून त्या थेट पेढीवर गेल्या. दसऱ्याची गिऱ्हाइकं बसली होती. अक्कांनी व्यंकटेशकडून आणलेला तो फोटो भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला. “ह्या फोटोनं एक पोरगी घरातनं जानार होती. तुमच्या वडलांना हे पोचलं असंल तर त्यांना काय वाटलं असंल, ते इचारा येकदा.” भाऊसाहेब पांढरे पडले. कळवळा असलेल्या माणसाचा चारचौघांत अपमान केला की कळवळा किती लवकर आटतो, ते मी तिथं बघितलं. आठवड्याच्या आत पत्र्याच्या खोलीला कुलूप लागलं. कारण दिलं होतं, की येत्या लग्नसराईसाठी आचाऱ्यांना जागा हवी.

वर्ग बंद पडला असं भाऊसाहेबांना वाटलं. तो लक्ष्मीच्या पडवीत भरायला लागला. तिनंच बोलावलं. “हितं बसा की, बाई. कांड्या भरत भरत माझं लक्ष ऱ्हाईल.” पुढं इतर आयांनीही आपापल्या पडव्या दिल्या. आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत. त्यामुळे झालं असं, की गल्लीतल्या लोकांना आमची पोरं रोज जेवताना, सांडताना, हात धुताना दिसायला लागली, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीला कुणी ‘च्च’ करत बसत नाही. बोर्ड मात्र त्या कुलूपबंद खोलीवर तसाच होता. भाऊसाहेबांची संस्था वर्गाशिवाय आणखी काही वर्षं उत्तम चालली. अहवाल निघत होते.

अक्का गेल्या त्या अचानक. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं. मी त्या दिवशी घरी बसून ढसाढसा रडले. माझ्या आईसाठीही मी तेवढी रडले नव्हते.

शोकसभा त्याच मंगल कार्यालयात. अध्यक्षस्थानी कोण असणार? भाऊसाहेब बोलले. अक्का या अभागी लेकरांची माउली होत्या, म्हणाले. अक्कांना तो शब्द सोसत नसे. ‘ह्यांना आया हायत, मी मास्तरीन हाय,’ म्हणायच्या. मग भाऊसाहेबांनी आवाज कापरा केला. “आपलं छत्र हरपलं, हेसुद्धा बिचाऱ्या निष्पाप जिवांना कळणार नाही. त्यांना काय, दोन घास मिळाले की झालं.” 

मी उठले आणि निघाले. चपला घालताना मागं टाळ्या ऐकू आल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही त्या सभागृहात कुणाला माहीत नसावं.

मी लक्ष्मीच्या घरी गेले. नागमणी जेवायला बसत होती. लक्ष्मी कुजबुजली, “बाई गेल्या हे अजून सांगितलं न्हाई हिला. कसं सांगायचं?” मी नागमणीजवळ खाली बसले आणि सरळ सांगितलं. अक्का मेल्या. आता येणार नाहीत.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून स्वतःच्या पाठीमागं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. भाकरी तिच्या हातात होती. ती तिनं ताटात परत ठेवली, हात फ्रॉकला पुसला आणि ताट पुढं ढकललं.

व्यंकटेश माग थांबवून बघत होता. “अगं, उपाशी ऱ्हाईल ती,” तो बायकोला म्हणाला. “आजच्या दिवस भरव तिला.”

लक्ष्मीनं घास केला होता. तो हातात धरून ती क्षणभर नागमणीच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं तो घास ताटात परत ठेवला आणि ताटावर दुसरं ताट झाकलं.

“ती न्हाई म्हणाली की,” लक्ष्मी म्हणाली, आणि कांड्या भरायला बसली.